एकच ‘एस’

क्रेनसाहेब वारले आणि आमच्या लॉवेलच्या साप्ताहिकाला बोस्टनहून नवे संपादक आले, व्हिटकमसाहेब. गिरण्यांमध्ये पोरींना रोज तेरा तास राबवून घेतात, यावर अंकात पाककृती लिहिणाऱ्या लुसिंडाबाईंनी लेख दिला, तर त्यांनी तो न वाचताच परत केला.

“बाई, तुम्ही आपलं मुरंब्यांचं लिहा. गिरण्यांवर लिहायला क्रेनसाहेबांसारखं डोकं लागतं. त्यांच्या अग्रलेखांवर वाढलोय मी!”

लुसिंडाबाईंच्या अंगात मेलेल्यांचे आत्मे येत. दर रविवारी त्यांच्या घरी बैठक भरायची, अर्धं गाव जमायचं. त्या रविवारी व्हिटकमसाहेबही गेले. बाईंची तंद्री लागली आणि कागदावर सरसर लेख उतरला. विषय तोच, पोरींच्या तेरा तासांचा. खाली सही मात्र क्रेनसाहेबांची.

सोमवारी सकाळी व्हिटकमसाहेब तो कागद नाचवतच छापखान्यात आले.

“अरे सिलास, खरंच क्रेनसाहेब आले होते! हे बघ, ‘नेसेसरी’त एकच ‘एस’! जन्मभर हीच चूक करायचे ते, जुने अंक काढून बघ. पहिल्या पानावर घे. आणि एक अक्षर जरी बदललंस, तर माझ्याशी गाठ आहे!”

वीस वर्षं इथे छपाईचे खिळे जुळवतोय मी. ‘एस’ एकच ठेवून लेख जुळवायला घेतला.



क्रेनसाहेबांचे अग्रलेख, ते जिवंत होते तेव्हाही, लुसिंडाबाईच लिहायच्या.