कामसू मावशी

ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायचं प्रशिक्षण घेऊन हेडक्लार्क काका परतले आणि उत्साहाच्या भरात त्यांनी सगळ्या मशीनवर नवी सेटिंग लावली. माऊस थोडा वेळ हलला नाही, की स्क्रीन बंद आणि केबिनमध्ये साहेबांकडे चुगली! चहाच्या गप्पांवर गदाच आली.

आठवडा संपताना साहेब खूश होऊन केबिनबाहेर आले.

"काका, मानलं तुमच्या शिक्षणाला! हिशेबवाल्या मावशींचा माऊस आठवडाभर क्षणभरही थांबला नाही. शिका जरा त्यांच्याकडून! बोलवा त्यांना, सत्कार करू."

काकांची छाती फुगली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. शिपाई हिशेबाच्या खोलीत गेला आणि माऊस बांधलेला टेबलफॅन उचलून घेऊन आला.



"मावशी सोमवारीच लेकीकडे गेल्यात, साहेब. आठवडाभर कामावर हाच आहे."