खोल मुळाचं मत

"मूळ फार खोल गेलंय, सर. तरुणपणापासूनचं मत आहे," डॉक्टर पिंगे म्हणाले. "बधिर करूनच काढावं लागेल."

हल्ली एखाद्याच्या मतापायी विद्यापीठाचं काम अडलं, की त्याला समजावत बसत नाहीत. सरळ दवाखान्यात धाडतात. मुंग्यांना स्वप्नं पडणं शक्यच नाही, हे खासनीस सरांचं मत. त्यापायी रेवती धायगुडेचा प्रबंध त्यांच्या सहीवाचून कधीचा पडून होता.

बघता बघता मत बशीत पडलं. सरांनी कपाळ चाचपून पाहिलं. दुखत तर काहीच नव्हतं. बाहेर बसलेली रेवती प्रबंध घेऊन आत आली, तशी त्यांनी मुकाट्याने सही ठोकली.

"सर, माझे पुरावे वाचलेत?"

"नाही."

"मग पटलं कसं?"

"पटलं नाही गं. काढलं."

सही मिळाली, तरी रेवती जागची हलेना. एवढी वर्षं ती राबली होती ती या माणसाला पटवायला. ती डॉक्टरांकडे वळली.

"हे परत बसवता येईल? मला यांच्याशी भांडायचंय."

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं.

"बसवा की," सर म्हणाले, "माझं काहीच म्हणणं नाही."