चौकातली मऊ फरशी

लेक मुग्धा गेल्यापासून प्रमिलाने बाजारचौकात पाऊल टाकलं नव्हतं. आज नवरा, दिनकर, तिला आग्रहाने घेऊन आला.

"बघ तरी, आता इथे एकही गाडी येत नाही," तो म्हणाला.

खरंच, कडुलिंबाखाली म्हातारी माणसं गप्पा मारत बसली होती. बाया रमतगमत भाजी घेत होत्या.

तेवढ्यात पळता पळता एक चिमुरडी अडखळली. प्रमिला किंचाळली. पण पोर आपटायच्या आतच खालच्या फरशीने ते ओळखलं आणि ती गादीसारखी मऊ झाली. पोरगी खिदळत उठली नि पुन्हा पळाली.

"घाबरू नका मावशी," तिची आई हसून म्हणाली. "या नव्या फरशीवर पडलं तरी कुणाला लागत नाही."

प्रमिला मटकन खाली बसली. मोटारसायकलच्या धक्क्याने तिची मुग्धा इथेच पडली होती, आणि डोकं दगडावर आपटलं होतं.

"अहो, हे आधी का नाही केलं कुणी?"

तिने रडत दोन्ही मुठी जमिनीवर आपटल्या, पुन्हा पुन्हा आपटल्या. दर वेळी फरशी मऊ झाली. तिने प्रमिलाला जरासुद्धा लागू दिलं नाही.