खर्च वसूल

ऊसतोड मजूर पुरवणाऱ्या मुकादमांच्या घरातला कंप्युटर सुरू होईपर्यंत त्यांची तंबाखू मळून दाढेखाली जायची. धनश्रीने जुनी डिस्क काढून तिच्या जागी नवी एसएसडी लावून दाखवली, तर बटण दाबताच पडदा उजळला. हे गिऱ्हाईक पक्कं झालं, की शिरूरचे बाकी मुकादमही तिच्याच कंप्युटर-दुरुस्तीच्या दुकानात येणार होते. पण मुकादमांचं ठरेना. "चालत्या मशीनमधला पार्ट बदलून परवडंल का गं, पोरी?" "तात्या, जुनी डिस्क सारखी अडती. ही अडणार न्हाई." मुकादम खुलले. "म्हंजे आमच्या ऊसतोडीच्या बायांवानीच की! दर महिन्याला अडायच्या. दवाखान्यात नेऊन पिशवी काढली, की हंगामभर खाडा न्हाई. खर्च वसूल!" तंबाखूची लाळ हनुवटीवर आली, ती पुसत ते म्हणाले, "तुझ्या आईला मीच नेलतं. पंचविशीत होती. पुढच्या हंगामात गड्याच्या बरोबरीनं मोळ्या उचलल्या तिनं. बसव गं, बसव."

धनश्रीच्या तोंडात त्यांच्याच घरच्या चहाचा घोट होता. तो तिला गिळवेना. घरी आई आजही कंबरदुखीनं उठताना भिंत धरते, आणि हा माणूस अजून हसत होता. उंबऱ्यापाशी जाऊन तिने घोट अंगणात थुंकला. परत येऊन नवी डिस्क काढली, खिशात घातली आणि जुनी त्यांच्या बशीशेजारी ठेवली.

"अगं, काढतीस कावून? मशीन बंद पडंल की!"

"पडू द्या, तात्या. मशीनची कंबर तर न्हाई दुखणार."