लेटिसचं आजारपण

आईच्या आणि मिसेस ऑल्डरशॉ यांच्या कादंबऱ्या लंडनच्या एकाच मासिकात क्रमशः यायच्या. "तिच्या पुस्तकात माणसं कमी आणि हुंदके जास्त," असं आई म्हणायची. तरी नवा अंक आला की आधी तिचंच प्रकरण उघडायची. आता आई क्षयाने अंथरुणाला खिळली होती, डोळेही अधू झाले होते, म्हणून मी वाचून दाखवत असे. त्या कादंबरीतली लेटिसही क्षयानेच आजारी होती. आईला स्वतःच्या दुखण्याचं खरं काही सांगू नका, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

या महिन्याचा अंक मी स्वयंपाकघरात बसून, कडेला जुळलेली पानं सुरीने कापून, आधीच वाचला. लेटिस गेली होती. मग मी आईपाशी बसले आणि मनानेच रचत, न अडखळता, लेटिसला अंथरुणातून उठवून बागेत फिरायला नेलं.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"हेस्टर, हे तुझं आहे. त्या बाईला इतकं वाईट लिहिता येत नाही. तिने लिहिलंय ते वाच."

"आई, नको ना."

"वाच गं."

मी लेटिसच्या शेवटच्या श्वासापर्यंत वाचलं. एका वाक्यापाशी आईने मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं.

"बरं लिहिलंय बयेनं," ती म्हणाली. "आता माझ्या वेळी तू जवळ बसून नीट बघ. तिचं काही चुकलं असेल, तर तिला कळव."