गाडीतली मजा

गाडीत मजा नेमकी कशात असते, यावर तेलगावच्या गॅरेजात वाद पेटला होता.

"इंजिनात," साजिद मिस्त्री म्हणाला. "कान लावून बघ, कसं गातंय."

"उंचीत बे," नबी म्हणाला. "वर बसलं की समदे खाली दिसतेत."

लखननं आपल्या नव्या गाडीच्या काळ्या काचेवरून हात फिरवला. "मजा धाकात हाय. गाडी आली की माणूस आपसूक बाजूला झाला पायजे."

दुपारी तो गावात शिरला. पारावरची माणसं उठून गेली. पोरं घरात पळाली. किराणा दुकानाचं शटर खाली आलं. लखनला लई भारी वाटलं.

घरापुढं थांबून, काच खाली न घेता त्यानं हॉर्न वाजवला. ओट्यावर शेंगा निवडत बसलेली आई सूप टाकून आत पळाली. नव्या गाडीला ओवाळायचं ताट आणायला गेली असेल, असं वाटून लखन हसला. तेवढ्यात दार बंद झालं. त्यानं उतरून कडी वाजवली.

आतून आईचा कापरा आवाज आला.

"लखन घरी न्हाई, दादा. काय चुकलं आसंल तर मी पाया पडते. पर माज्या लेकराला त्या गाडीत घालू नका."