कागलच्या घरातले तीन टीव्ही

"तार कुठनं कुठं न्यायची, ते परत एकदा सांगा," मेहरुन्निसा म्हणाली.

खाटेवर पडल्या पडल्या इलाहीनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं, किती येळा सांगू? अँटेनाची तार आधी व्हीसीआरला. तिथनं बूस्टरला. बूस्टरमधनं तीन वाटा, तीन टीव्हींना. त्या कृष्णातच्या डोस्क्यात भुसा भरलाय काय?"

"नीट ऐकून गेलेलं बरं की. परत हेलपाटा नको."

इलाही कावला होता खरा, पण आतून सुखावलाही होता. दिवाळीआधी एका गिऱ्हाइकाच्या छपरावर अँटेना बसवताना तो घसरून खाली आला आणि कमरेचं हाड मोडलं. आता छपराचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मंगळवार पेठेतल्या त्याच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लागलं. मूलबाळ नव्हतं. जे काय होतं ते दुकानच. ते बुडणार या घोरानं बिचाऱ्याचं जेवणखाण सुटलं.

तेवढ्यात कागलहून काम आलं. बाळासो म्हणून ऊसवाले, तीन भाऊ एकत्र नांदणारे. घरात टीव्ही तीन आणि व्हीसीआर एक. त्यांची आई बाळाबाई रविवारचा सिनेमा सुरू झाला की घोरायला लागायची आणि सोमवारी, "मला का उठवलं न्हाय गं?" म्हणून सुनांना फैलावर घ्यायची. तेव्हा सिनेमा टेप करून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी पुढच्या सोप्यात बसो, माडीवर बसो, नाहीतर स्वयंपाकघरात, तिथल्या टीव्हीवर तो दिसलाच पाहिजे!

इलाही नको म्हणणार होता. मेहरुन्निसाच म्हणाली, "डोस्कं तुमी चालवा. हात कृष्णातचं."

कृष्णात म्हणजे दुकानातला जुना गडी. इलाही पडल्यापासून तो एकदाही घराकडं फिरकला नव्हता. "तुमाला असं बघून त्येला रडू येतंय," मेहरुन्निसा सांगायची. इलाहीला ते पटायचं, गडी तसा हळवाच होता. निरोपात काही चुकायला नको म्हणून मेहरुन्निसाही एसटीनं कागलला जायची आणि संध्याकाळी खबर घेऊन परतायची.

"माडीवरच्या टीव्हीत नुसत्या मुंग्याच दिसत्यात," एकदा ती म्हणाली.

"तारंची जाळी आतल्या तारंला चिकटली असणार. फिरून सोल म्हणावं. आणि वर चढताना कमरंला दोरी बांध म्हणावं."

"सांगते."

"आठवणीनं सांग. मी पडलो ते पडलो. आपल्या घरातलं माणूस परत छपरावर चढायचं न्हाय. शपथ घातलीय मी, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की वो."

"बोटाला काय झालं?"

"तवा लागला."

इलाहीनं तिचं बोट हातात घेऊन हळूच फुंकर घातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ती लाजली.

दुसऱ्या दिवशी मुंग्या गेल्याची खबर आली आणि इलाही त्या रात्री पोटभर जेवला. पोरगं तयार झालं! आता दुकान बुडत नाही. त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं, दुकान कृष्णातच्या हवाली करायचं. बायकोला मात्र एवढ्यात सांगायचं नाही, नाहीतर ती रडत बसेल.

पहिला सिनेमा टेप व्हायचा त्या रविवारी मेहरुन्निसा सकाळच्याच गाडीनं गेली. इलाहीनं बाळासोंना आधीच गुपचूप निरोप धाडला होता. दुपारी जीप दाराशी आली.

"काम बाकी लई झ्याक झालंय हां, सिकवणारा खमक्या असला पायजे," वाटेत बाळासो म्हणाले.

"मग! उगंच न्हाय," इलाही म्हणाला आणि पोरासारखा हसला.

चौघांनी खुर्चीसकट उचलून त्याला सोप्यात आणून ठेवलं. टीव्हीवरचं चित्र थरथरत होतं आणि बाळाबाई सगळ्या घराच्या नावानं शंख करत होती.

"वाऱ्यानं अँटेना फिरली. आत्ताच वर चढलंय माणूस," बाळासो म्हणाले.

छपरावर पावलं वाजली. चित्र हललं, आडवं झालं आणि बघता बघता आरशासारखं स्वच्छ झालं. माडीवरून आणि स्वयंपाकघरातून एकदमच आरोळ्या आल्या, "आलं! आलं!"

इलाहीचे डोळे भरून आले. त्यानं खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि हात उंच धरला.

"बाळासो, तुमा सगळ्यांदेखत सांगतो. वर जे कोण चढलंय, आजपासनं दुकान त्येचं! माझा शब्द हाय. बोलवा त्येला खाली."

"बाळाबाई," छपरावरून मेहरुन्निसानं हाक मारली, "दिसतंय काय वो आता?"